हलका मिररलेस कॅमेरा नवीनच घेतलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा, कॅमेरा हातात आल्यावर पहिल्या महिन्यात ज्या तक्रारी होतात, त्यातल्या बऱ्याचशा बिघाडाच्या नसतात. कुठलं तरी एक सेटिंग कॅमेऱ्याने आपल्या मनाने ठरवलेलं असतं आणि ते आपल्याला हवं त्याच्या उलट असतं. म्हणून इथे प्रत्येक ठिकाणी कारणही दिलं आहे. मेनूतली नावं कंपनीगणिक थोडी बदलतील, पण आतली गोष्ट तीच असते.

खोक्यातून काढल्यावर आधी काय करायचं?

बॅटरी पूर्ण चार्ज करा. लिथियम-आयन बॅटरीला पहिल्यांदा आठ-दहा तास चार्जिंगला लावून ठेवायची गरज नसते. दिवा विझला किंवा हिरवा झाला की काम झालं. तोवर पट्टा ओवून घ्या. गळ्यातला नको असेल तर मनगटाचा लावा, पण पट्ट्याशिवाय वापरू नका. साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या बॉडीची पकड लहान असते आणि ती बोटांतून सहज निसटते.

पहिल्यांदा चालू केल्यावर तारीख, वेळ आणि टाइम झोन नीट भरा. ही तारीख प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये जाते आणि पुढे फोटो शोधायला तीच उपयोगी पडते. तारीख जपणारी छोटी बॅटरी कॅमेऱ्याच्या आत असते आणि ती मुख्य बॅटरीवर चार्ज होते. मुख्य बॅटरी काढून कॅमेरा बरेच दिवस ठेवला तर तारीख पुसली जाते. तो बिघाड नव्हे.

मग व्ह्यूफाइंडर, म्हणजे बघायची छोटी खिडकी, डोळ्याला लावा आणि त्याच्या शेजारचं छोटं चाक फिरवा. चाक फिरवताना समोरच्या दृश्याकडे बघू नका. आतल्या आकड्यांकडे बघा आणि ते अगदी रेखीव दिसतील तिथे थांबा. हे चाक फक्त तुमच्या डोळ्याच्या नंबरासाठी असतं, फोटोवर त्याचा काही परिणाम होत नाही. ‘लेन्स धूसर आहे’ अशी तक्रार कित्येकदा या चाकापाशीच मिटते. चष्मा लावून शूट करणार असाल तर चष्मा लावूनच जुळवा.

लेन्स लावायची पद्धत काय? सेन्सर उघडा दिसतो, काही होणार नाही ना?

कॅमेरा बंद करा. बॉडीचं तोंड जमिनीकडे कलतं धरा. बॉडीवरचं आणि लेन्सच्या मागचं झाकण काढा. बॉडीवरचा आणि लेन्सवरचा ठिपका समोरासमोर आणून लेन्स सपाट टेकवा आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत फिरवा. कॅमेऱ्याच्या समोरून पाहिलं तर बहुतेक कंपन्यांची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बसते, निकॉनची उलट दिशेने. जोर लावावा लागला तर थांबा, कारण ठिपके जुळलेले नाहीत. लावताना लेन्स काढायचं बटण दाबून ठेवू नका. खटका नीट न अडकता लेन्स नुसती टेकलेली राहते आणि नंतर सुटते.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या भागाच्या) पुढे आरसा असतो. इथे तो नाही, त्यामुळे लेन्स काढली की सेन्सर समोरच दिसतो. काही मॉडेल्स बंद केल्यावर शटरचा पडदा ओढून घेतात, सगळी नाही. उघड्या बॉडीत बोट घालू नका, तोंडाने फुंकरही मारू नका. फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक कण जातात आणि ते धुळीपेक्षा चिवट निघतात. दिसणाऱ्या पडद्याला तर बोट लागताच कामा नये, कारण त्याची पाती अत्यंत पातळ असतात.

सगळं जोडलं, पण बटण दाबूनही फोटो निघत नाही. का?

आधी लेन्स पाहा. हलक्या कॅमेऱ्यांबरोबर येणाऱ्या काही किट लेन्स आत मिटलेल्या असतात. लेन्सवरचं छोटं बटण सरकवून झूमची रिंग पहिल्या आकड्यापर्यंत फिरवल्याशिवाय त्या काम करत नाहीत. दुसरं, एसडी कार्डाच्या कडेची चिमुकली पट्टी खाली सरकून कार्ड लॉक झालेलं असतं. स्लॉटमध्ये घालताना ती नकळत सरकते. तिसरं, वस्तू फार जवळ आहे. प्रत्येक लेन्सला फोकसचं किमान अंतर असतं आणि त्याच्या आत गेलात तर फोकसची चौकट हिरवी होत नाही. फोकस लागल्याशिवाय शटर सोडायचंच नाही, असं सेटिंग काही कॅमेऱ्यांत आधीपासून असतं. जरा मागे सरका.

मागची स्क्रीन मधूनच काळी होते. कॅमेरा खराब निघाला का?

बहुधा नाही. व्ह्यूफाइंडरच्या वर किंवा खाली एक लहानशी काळी खिडकी असते, तो डोळ्याचा सेन्सर. काहीही जवळ आलं की डोळा आला असं समजून तो चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये पाठवतो आणि स्क्रीन विझवतो. कॅमेरा पोटाशी धरला, पट्टा वर लोंबला किंवा टचस्क्रीनवर अंगठा नेताना तळहात आडवा आला तरी हेच होतं. स्क्रीन बाहेर ओढली की बरीच मॉडेल्स हा सेन्सर आपोआप बंद करतात. तुमचं करत नसेल तर ‘स्क्रीन–व्ह्यूफाइंडर बदल’ हे काम एखाद्या बटणाला देऊन ठेवा.

व्ह्यूफाइंडरबद्दल एक गोष्ट मात्र गंभीर आहे. त्याचं भिंग उन्हाकडे तोंड करून कॅमेरा ठेवू नका. ते भिंग ऊन एका जागी गोळा करतं आणि आतला छोटा डिस्प्ले कायमचा जळू शकतो.

ऑटो मोड सोडून कुठल्या मोडपासून सुरुवात करावी?

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. डायलवर ‘ए’ किंवा ‘एव्ही’ असतो तो. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफ/ नंतरचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. थेट मॅन्युअलवर जाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण नवीन माणसाला तो फारसा उपयोगी नाही. अ‍ॅपर्चर, शटर किती वेळ उघडं राहतं ते (शटर स्पीड) आणि सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते (आयएसओ), असे तीन आकडे सांभाळता सांभाळता समोरचा प्रसंग निघून जातो आणि शिकायला मिळतं ते फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मध्ये आणणं.

अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवा. एका माणसाच्या चित्राला लेन्स जाईल तितकं उघडं, म्हणजे एफ/१.८ किंवा एफ/२.८. चार-पाच जण दोन रांगांत असतील तर एफ/५.६. डोंगर-दऱ्या, इमारती यांना एफ/८. एपीएस-सी, म्हणजे बऱ्याच हलक्या कॅमेऱ्यांत असतो त्या लहान सेन्सरवर एफ/१६ च्या पुढे जाऊ नका. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं.

आयएसओ ऑटोवर ठेवा, पण त्याला दोन मर्यादा घाला. कमाल आयएसओ ६४०० आणि किमान शटर स्पीड १/१२५. ही दुसरी मर्यादाच खरी महत्त्वाची. ती घातली नाही तर आयएसओ कमी ठेवायच्या नादात कॅमेरा खोलीच्या उजेडात १/६० किंवा १/३० वर उतरतो आणि माणसं हलकी हललेली येतात. मुलं पळत असतील तर किमान १/५००, उडणारा पक्षी असेल तर १/२००० करा. आयएसओला घाबरू नका. आयएसओ ३२०० वर दाणेदार आलेला फोटो आजच्या सॉफ्टवेअरमध्ये बराच साफ होतो. हललेला फोटो कशानेच सरळ होत नाही.

उरलं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय. मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतो. म्हणून पांढरी भिंत किंवा बर्फ मळकट येतं आणि काळं मांजर फिकट येतं. चौकटीत पांढरं जास्त असेल तर +०.७ ते +१.३, काळं जास्त असेल तर –०.७ किंवा –१. मिररलेसची खरी सोय इथेच कळते, कारण डायल फिरवताना फोटो उजळतोय की काळवंडतोय हे फोटो काढण्याआधीच दिसतं. फक्त स्क्रीनच्या उजेडावर विसंबू नका. भर उन्हात ती अंधारी वाटते, रात्री भगभगीत. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख, चालू ठेवा. त्याचा डोंगर उजव्या कडेला चिकटून कापला गेला असेल तर तिथला तपशील गेला.

स्टुडिओतला फ्लॅश वापरणार असाल तर हेच एक्स्पोजरचं पूर्वदृश्य बंद करावं लागतं. नाहीतर फ्लॅश पडण्याआधीचा अंधारच स्क्रीनवर दिसत राहतो.

रॉ काढू की जेपेग?

सुरुवातीला दोन्ही एकत्र. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेलं चित्र. जेपेग लगेच पाठवता येते, रॉ पुढे शिकाल तेव्हा कामी येते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रॉ फाइल साधारण २५ ते ५० एमबी होते, कॉम्प्रेशन किती आहे त्यावर. कॅमेरा बाजारात नुकताच आलेला असेल तर जुन्या सॉफ्टवेअरला त्याची रॉ उघडत नाही. फाइल खराब झाली असं समजून पुसू नका. सॉफ्टवेअर अपडेट करा किंवा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरा.

फोकस भलतीकडेच लागतो. काय बदलू?

नवीन कॅमेऱ्यात फोकसचं क्षेत्र सहसा पूर्ण चौकटभर असतं. त्यात कॅमेऱ्याला काय महत्त्वाचं वाटेल, हे त्याच्यावर सोडलेलं असतं. बहुतेक वेळा तो जवळची, ठळक कडांची वस्तू निवडतो. म्हणून फुलाऐवजी पुढच्या पानावर जातो, पिंजऱ्यातल्या प्राण्याऐवजी जाळीवर.

माणसांसाठी डोळा ओळखणारं फोकस चालू करा आणि सोबत सतत फोकस, म्हणजे एएफ-सी, निवडा. काही कंपन्या याला सर्व्हो म्हणतात. माणूस बोलताना सुद्धा पुढे-मागे झुलतो. एफ/१.८ वर जवळून काढलेल्या चेहऱ्यात डोळा धारदार आणि कान धूसर, इतकी उथळ खोली असते. एएफ-एस एकदा फोकस करून थांबतो. त्यानंतर माणूस दोन बोटं हलला तरी डोळा गेला.

स्थिर वस्तूंसाठी एएफ-एस आणि लहान चौकट घ्या. चौकट टचस्क्रीनवर बोटाने किंवा जॉयस्टिकने हवी तिथे न्या. बटण अर्धं दाबा, हिरवी चौकट आली की पूर्ण दाबा. पूर्ण बटण एका दणक्यात दाबायची सवय असेल तर ती आधी मोडा. त्यात फोकसही घाईत होतो आणि हलका कॅमेरा हिसकाही खातो.

एकरंगी भिंत, धुकं, फार अंधार किंवा एकसारख्या आडव्या पट्ट्या समोर असतील तर फोकस पुढे-मागे घरंगळत राहतो, कारण त्याला फरक शोधायला कडा लागतात. त्याच अंतरावरची दुसरी कडा शोधा, तिथे अर्धं बटण धरून ठेवा आणि मग चौकट जुळवा. ही युक्ती एएफ-एसमध्येच चालते.

स्टॅबिलायझेशन असूनही फोटो हललेले येतात. असं कसं?

स्टॅबिलायझेशन हाताचं कापणं सावरतं. समोरचा माणूस हलला तर त्यावर त्याचा काही इलाज नाही. चार स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ) स्टॅबिलायझेशन असेल तर जिथे एरवी १/५० लागला असता, तिथे साधारण १/३ सेकंदातही भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ येऊ शकतं. पण त्याच फोटोत घड्याळाखालून जाणारा माणूस पुसटच येणार. फोटो मोठा करून बघा. मागची भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट असेल तर शटर स्पीड वाढवा. सगळंच एका दिशेने घसरलेलं असेल तर हात हलला.

बऱ्याच हलक्या बॉडींमध्ये स्टॅबिलायझेशन नसतंच, ते लेन्समध्ये असतं. तेव्हा लेन्स बदलली की तेही गेलं. ते नसेल तर शटर स्पीडमधला १/ नंतरचा आकडा फोकल लेंथइतका (लेन्सवरचे मिमी, पण फुलफ्रेम म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशेबात) तरी ठेवा. डावा हात लेन्सच्या खाली, कोपर छातीशी, व्ह्यूफाइंडर कपाळाला टेकलेला. हात लांब करून स्क्रीनकडे बघत काढलेल्या फोटोंपेक्षा हे फोटो नक्कीच स्थिर येतात.

घरातल्या दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. कार्डाचा दोष आहे का?

नाही, शटरचा. सायलेंट मोड चालू असेल तर कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटर वापरतो. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि साध्या सेन्सरला सगळ्या ओळी संपवायला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग लागू शकतो. त्या वेळात दिवा अनेकदा मंद-तेज होतो. ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, ६० हर्ट्झवर १२० वेळा. काही ओळी तेज क्षणी वाचल्या जातात, काही मंद क्षणी. तेच पट्टे. ओळीओळीने वाचण्यामुळेच चालत्या गाडीतून काढलेले खांब तिरके येतात.

यांत्रिक शटर निवडा. तरीही पट्टे राहिले तर ५० हर्ट्झवर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झवर १/६० किंवा १/१२० ठेवा. अगदी हलक्या काही बॉडींत यांत्रिक शटर नसतंच. तेव्हा शटर स्पीड जुळवणं हाच मार्ग. बऱ्याच मॉडेल्समध्ये इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅशही पडत नाही. फ्लॅश रुसला तर आधी सायलेंट मोड बघा.

बॅटरी इतक्या लवकर का संपते?

कारण फोटो काढत नसतानाही सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू असतात. छोट्या बॉडीच्या बॅटरीला एका चार्जवर अधिकृत आकडा साधारण ३०० ते ४०० फोटोंचा दिलेला असतो. ऑटो पॉवर ऑफ एका मिनिटावर आणा, गरज नसेल तेव्हा एअरप्लेन मोड ठेवा, व्ह्यूफाइंडरचा वेगवान रिफ्रेश बंद करा. थंडीत बॅटरी आणखी लवकर बसते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. दिवसभर फिरायचं असेल तर दोन बॅटऱ्या हव्यातच.

यूएसबी-सी लावूनही चार्ज होत नसेल तर कॅमेरा बंद करून पाहा. अनेक मॉडेल्स बंद असतानाच चार्ज होतात. चालू ठेवून चालवायचं तर पॉवर डिलिव्हरी देणारा चार्जर आणि तशी केबल लागते.

कार्ड कुठलं घ्यायचं?

६४ किंवा १२८ जीबीचं, व्ही३० खूण असलेलं. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना किमान ३० एमबी प्रति सेकंद. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिट प्रति सेकंदाने लिहिला तर प्रत्यक्षात साडेबारा एमबीच लागतात. म्हणून ते पुरून उरतं. त्या दराने ६४ जीबीत सुमारे ८५ मिनिटं बसतात. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, त्यावर भुलू नका. मागच्या बाजूला पिनांच्या दोन ओळी असलेली यूएचएस-२ कार्डं महाग पडतात आणि कॅमेऱ्याचा स्लॉट यूएचएस-१ असेल तर तो पैसा वाया जातो.

फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, कॉम्प्युटरवर नको. आणि त्याआधी फोटो दोन ठिकाणी उतरले आहेत याची खात्री करा.

व्हिडिओ काढताना कॅमेरा गरम होऊन बंद पडतो. काय करू?

लहान बॉडीत उष्णता बाहेर जायला जागा कमी. स्क्रीन बॉडीपासून दूर उघडा म्हणजे मागची बाजू मोकळी होते. सावलीत ठेवा आणि दोन शॉटच्या मध्ये बंद करा. मेनूत ‘ऑटो पॉवर ऑफ तापमान’ असेल तर ते वरच्या पातळीवर न्या, पण मग बॉडी हाताला चटका जाणवेल इतकी तापू शकते. अशा वेळी ट्रायपॉडवर लावा. लांबलचक भाषणं किंवा कार्यक्रम फुल एचडीत घेतले तर हा प्रश्न बहुतेक येत नाही.

मोबाइलवर आलेले फोटो लहान का दिसतात?

बरीच अ‍ॅप्स आपोआप दोन मेगापिक्सेलची छोटी प्रत पाठवतात. अ‍ॅपमध्ये ‘मूळ आकार’ निवडा. कनेक्शन मध्येच तुटत असेल तर कारण फोनमध्ये असतं. कॅमेऱ्याच्या वायफायला इंटरनेट नाही, हे कळल्यावर फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा. ढीगभर फोटो असतील तर कार्ड रीडरच बरा.

आकाशात प्रत्येक फोटोत त्याच जागी करडे ठिपके आहेत. ते काय?

सेन्सरवरची धूळ. एफ/२.८ वर ती दिसत नाही, एफ/१६ वर उठून दिसते. तपासायचं तर एफ/१६ ला स्वच्छ आकाश किंवा पांढरी भिंत मुद्दाम आउट ऑफ फोकस करून टिपा. आधी मेनूतलं सेन्सर क्लीनिंग चालवा. ते सेन्सर थरथरवून धूळ झटकतं. त्याने नाही गेली तर बॅटरी पूर्ण भरून क्लीनिंग मोड लावा, बॉडी उलटी धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. ब्लोअरचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत नेऊ नका. डबाबंद दाबाची हवा नकोच, तिच्यातला थंड द्रव सेन्सरवर डाग पाडतो. तरीही राहिली तर सेवा केंद्रात द्या.

जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्स चालतील का?

बऱ्याचशा चालतात, अ‍ॅडॅप्टर लावून. आरसा गेल्यामुळे माउंट आणि सेन्सर यांतलं अंतर कमी झालं. कॅनन ईएफचं ४४ मिमी आणि निकॉन एफचं ४६.५ मिमी आहे, तर सोनी ई १८, कॅनन आरएफ २० आणि निकॉन झेड १६ मिमी. या फरकाच्या जागेतच अ‍ॅडॅप्टर बसतो. त्याच कंपनीचा इलेक्ट्रॉनिक अ‍ॅडॅप्टर असेल तर ऑटोफोकस बहुधा चालतो, साध्या धातूच्या रिंगवर हाताने फोकस करावा लागतो. अशा वेळी ‘लेन्सविना शटर’ हे सेटिंग चालू करा, नाहीतर लेन्स लावलेलीच नाही असं समजून कॅमेरा अडून बसतो. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडांना रंग देणारी सोय) आणि चित्र मोठं करून बघायची सोय हाताशी ठेवा. पीकिंगचा रंग उदार असतो, अचूक निर्णय मोठं करूनच घ्या.

किट लेन्सनंतर दुसरी कुठली घ्यावी?

एपीएस-सी कॅमेऱ्याला ३५ मिमी एफ/१.८ किंवा त्याच्या आसपासची. १.५ ने गुणलं की ती फुलफ्रेमवरच्या सुमारे ५० मिमीसारखं दृश्य देते. कॅननचा गुणक १.६ आणि मायक्रो फोर थर्ड्सचा (आणखी लहान सेन्सरचा) २, म्हणून मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमी. किट झूम त्या लांबीवर बहुधा एफ/४.५ किंवा ५ वर येते. एफ/१.८ तिच्यापेक्षा सहा ते आठपट प्रकाश आत घेते. त्यामुळे ६४०० च्या जागी आयएसओ १००० च्या आसपास येतो. शिवाय अशी लेन्स हलकी असते. दीड किलोची झूम लावल्यावर हलकी बॉडी घेण्याचा हेतूच उरत नाही. अशी लेन्स लावलीच तर वजन लेन्सखाली हात देऊन पेला, आणि ट्रायपॉडवर तिच्या स्वतःच्या कॉलरला (लेन्सवरच्या ट्रायपॉडसाठीच्या कड्याला) बसवा, बॉडीच्या माउंटवर लटकवू नका.

वापर नसताना कुठे ठेवायचा?

दमट हवेत चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत महिनोन् महिने बंद ठेवू नका. लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि ती एकदा कोटिंगमध्ये शिरली की पुसून जात नाही. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरेसा आहे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की वाळवून परत वापरा. बॅटरी अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेवा, आणि काही आठवड्यांनी कॅमेरा बाहेर काढून थोडा वेळ चालवा.